धान्याचा प्रश्न आणि मताचा प्रश्न : सोव्हिएत राज्याची पहिली बारा वर्षे

(समाजवादी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



रशियन क्रांतीविषयी समाजवादी चळवळीत सामान्यतः दोन पद्धतींनी बोलले जाते. १९१७ नंतर जे काही विपरीत घडले ते सारे क्रांतीच्या शत्रूंनी लादले, असे एक पक्ष म्हणतो आणि प्रत्येक अत्याचाराची जबाबदारी परिस्थितीवर टाकून मोकळा होतो. जे घडले ते सारे बोल्शेविकांच्या सिद्धान्तात बीजरूपाने होतेच, असे दुसरा पक्ष म्हणतो आणि परिस्थितीचा विचारच सोडून देतो. दोन्ही भूमिका सोयीच्या आहेत. कोणता निर्णय केव्हा घेतला गेला, तो कोणी घेतला आणि त्या वेळी दुसरा मार्ग समोर होता की नाही, हे तपासण्याचे कष्ट दोन्हींत पडत नाहीत. सोव्हिएत राज्य १९९१ साली लयाला गेले, त्याची दप्तरे बऱ्याच अंशी अभ्यासकांना खुली झाली. अशा वेळी तरी हे कष्ट टाळण्याचे कारण उरलेले नाही.

या राज्याच्या पहिल्या बारा वर्षांचा इतिहास एका साध्या प्रश्नाभोवती फिरतो. शहरातल्या कामगाराला भाकरी कोण देणार, आणि कोणत्या अटीवर? लोकसंख्येचा सुमारे चार-पंचमांश भाग खेड्यांत राहणाऱ्या देशात कामगारवर्गाच्या नावाने सत्ता घेतलेल्या पक्षाला या प्रश्नाचे उत्तर देणे क्रमप्राप्त होते. ते उत्तर तीनदा बदलले. प्रत्येक बदलाच्या वेळी त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न उभा राहिला : उत्तर चुकत असेल तर ते चुकते आहे, असे म्हणण्याचा अधिकार कोणाला?

जमिनीचा हुकूम

सत्ता हाती आल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २६ ऑक्टोबर १९१७ रोजी, सोव्हिएतांच्या दुसऱ्या काँग्रेसने जमिनीचा हुकूम मंजूर केला. जमीनदारांची मालकी विनामोबदला नष्ट झाली. या हुकुमाला जोडलेला मसुदा बोल्शेविकांचा नव्हता. तो २४२ स्थानिक शेतकरी निवेदनांवरून तयार झालेला होता आणि त्यातला विचार सोशालिस्ट रिव्होल्यूशनरी पक्षाचा होता. लेनिन यांनी ही गोष्ट लपविली नाही. जनतेने जे ठरविले आहे त्याला सरकारने मान्यता द्यावी, हीच त्यांची त्या वेळची भूमिका होती. शेतकऱ्यांशी झालेला हा पहिला करार होता, आणि तो शेतकऱ्यांच्या शब्दांत लिहिला गेला होता.

या कराराचा एक आर्थिक परिणाम मात्र कोणाच्याही इच्छेवर अवलंबून नव्हता. युद्धापूर्वी बाजारात येणाऱ्या धान्याचा मोठा हिस्सा जमीनदारांच्या आणि सधन शेतकऱ्यांच्या शेतांतून येत असे. ही शेते गावसमाजाने वाटून घेतल्यावर लहान शेतकऱ्यांची संख्या वाढली. लहान शेतकरी पिकवितो त्यातले बरेचसे स्वतः खातो. उरलेले विकायचे तर त्याला बदल्यात कापड, मीठ, रॉकेल, खिळे आणि नांगराचे फाळ हवे असतात. कारखाने युद्धसामग्रीच्या कामात गुंतलेले आणि रूबलची किंमत रोज घसरणारी, अशा स्थितीत धान्य विकणे म्हणजे ते फुकट देणे, हा हिशेब शेतकऱ्याला शिकविण्याची गरज नव्हती.

राजकीय बाजूही ध्यानी घेतली पाहिजे. नोव्हेंबर १९१७ मध्ये झालेल्या संविधान सभेच्या निवडणुकीत बोल्शेविकांना सुमारे २४ टक्के मते पडली, आणि सोशालिस्ट रिव्होल्यूशनरींना सुमारे ४० टक्के. ही सभा जानेवारी १९१८ मध्ये एकच दिवस भरली आणि नंतर विसर्जित करण्यात आली. क्रांतीचे मनापासून स्वागत करणाऱ्या रोझा लुक्झेंबुर्ग यांनी त्याच वर्षी जर्मनीतील तुरुंगातून या कृतीवर टीका लिहिली. त्यांच्या खुनानंतर, १९२२ साली ती प्रसिद्ध झाली. सार्वत्रिक निवडणूक, मुद्रणस्वातंत्र्य आणि सभास्वातंत्र्य यांच्याविना सार्वजनिक संस्थांतील जीवन हळूहळू विझेल आणि केवळ नोकरशाही तेवढी कार्यरत राहील, हा त्यांचा इशारा शत्रूचा नव्हता; तो क्रांतीच्या एका सहप्रवाशिनीचा होता.

युद्धकालीन साम्यवाद

मार्च १९१८ मधील ब्रेस्ट-लिटोव्स्कच्या तहाने युक्रेनचा धान्यप्रदेश हातचा गेला. मे महिन्यात सरकारने धान्याचा सर्वाधिकार स्वतःकडे घेतला; कामगारांच्या सशस्त्र तुकड्या खेड्यांत गेल्या. जूनमध्ये गरीब शेतकऱ्यांच्या समित्या स्थापन झाल्या. खेड्यातील वर्गलढा पेटविणे हा त्यांचा हेतू होता. परंतु जमीनवाटपानंतर गावात मध्यम शेतकऱ्याचेच प्राबल्य असल्यामुळे त्यांनी वैर तेवढे वाढविले, आणि वर्षअखेरीस त्या गुंडाळाव्या लागल्या. जानेवारी १९१९ पासून प्रत्येक प्रांतावर धान्याचा कोटा बसविण्याची पद्धत सुरू झाली. शेतकऱ्याकडे किती उरते याऐवजी राज्याला किती हवे, यावरून हा कोटा ठरे. वरून आकडा येई, आणि खाली खळे झाडून तो पुरा केला जाई.

या काळात यादवी युद्ध चालू होते. श्वेत सेना आणि परकीय फौजा चहूबाजूंनी चालून आल्या होत्या, आणि सैन्याला व शहरांना जगविण्याचा दुसरा झटपट उपाय सहज सापडण्यासारखा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. शेतकऱ्यानेही ही वसुली काही काळ सहन केली. श्वेत सेनेबरोबर जमीनदार परत येईल, ही भीती त्याला अधिक मोठी वाटत होती. तथापि परिणाम टळला नाही. जास्त पिकविले तर जास्त नेले जाते, हे कळल्यावर शेतकऱ्याने पेराच कमी केला. पेट्रोग्राडची लोकसंख्या १९१७ साली २३ लाखांहून अधिक होती. १९२० पर्यंत ती सुमारे ७ लाखांवर आली. मोठ्या उद्योगांचे उत्पादन युद्धपूर्व पातळीच्या एक-पंचमांशाच्या आसपास घसरले. ज्या वर्गाच्या नावाने राज्य चालले होते, तो वर्ग भाकरीच्या शोधात गावाकडे पांगला होता.

हे धोरण बदलावे, असे सांगणारे लोक नव्हते काय? होते. मेन्शेविकांनी १९१९ मध्येच धान्याच्या सक्तीच्या वसुलीऐवजी शेतकऱ्याला उरलेले धान्य विकू देण्याचा कार्यक्रम मांडला होता. १९२० च्या आरंभी उरल भागातील अनुभवावरून त्रोत्स्की यांनी, कोट्याच्या जागी ठराविक प्रमाणात कर घ्यावा, अशी सूचना पक्षाच्या मध्यवर्ती समितीपुढे ठेवली होती. ती फेटाळली गेली. वर्ष वाया गेले, आणि त्या वर्षाची किंमत तांबोव्ह प्रांतातल्या शेतकरी बंडाने, पेट्रोग्राडमधल्या संपांनी आणि क्रोनश्टाटने वसूल केली.

मार्च १९२१

क्रोनश्टाटचे खलाशी हे १९१७ च्या क्रांतीचे अभिमानाचे धन समजले जात. २८ फेब्रुवारी १९२१ रोजी ‘पेत्रोपाव्लोव्स्क’ या युद्धनौकेवर त्यांनी १५ मागण्यांचा ठराव केला. सोव्हिएतांच्या निवडणुका गुप्त मतदानाने पुन्हा घ्याव्यात. कामगार, शेतकरी आणि डाव्या समाजवादी पक्षांना भाषणस्वातंत्र्य व मुद्रणस्वातंत्र्य असावे. समाजवादी पक्षांच्या राजबंद्यांना सोडावे. शिधा सर्वांना समान मिळावा. आणि मजूर न लावणाऱ्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीचा व जनावरांचा पूर्ण अधिकार असावा, अशा त्या मागण्या होत्या. त्यांत खासगी कारखानदारी परत आणण्याची मागणी नव्हती, जुन्या संविधान सभेचीही नव्हती.

याच वेळी मॉस्कोत पक्षाची दहावी काँग्रेस भरली होती. ८ ते १६ मार्च या नऊ दिवसांत घडलेल्या गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात. १५ मार्चला काँग्रेसने सक्तीची धान्यवसुली रद्द करून तिच्या जागी वस्तुरूप कर आणला. कर भरल्यावर उरलेले धान्य शेतकऱ्याने विकावे, अशी मुभा दिली. हेच नव्या आर्थिक धोरणाचे मूळ. म्हणजे शेतकऱ्याची आर्थिक मागणी मान्य झाली. १६ मार्चला पक्षातील सर्व गट विसर्जित करण्याचा ठराव झाला. गटबाजी करणाऱ्या मध्यवर्ती समितीच्या सदस्यालाही दोन-तृतीयांश मतांनी काढता येईल, असे त्याचे एक कलम होते. ते गुप्त ठेवण्यात आले आणि १९२४ साली उघड झाले. त्यानंतर दोनच दिवसांत, गोठलेल्या समुद्रावरून चाल करून, क्रोनश्टाटचा उठाव मोडण्यात आला. काँग्रेसचे सुमारे ३०० प्रतिनिधी त्या मोहिमेत सामील झाले होते, आणि त्यांत कामगार-विरोधी-गटाचे सदस्यही होते.

कारखान्यांचा कारभार कामगारसंघटनांकडे असावा, असे म्हणणारा श्ल्याप्निकोव्ह आणि कोलोन्ताय यांचा हा गट त्या काँग्रेसमध्ये अल्पमतात होता. ठराव मुख्यतः त्याच्याविरुद्ध होता. परंतु राडेक यांनी त्याच काँग्रेसमध्ये सांगितले, की उद्या हे हत्यार आपल्यावरही चालू शकेल, असे वाटत असूनही आपण ठरावाला मत देत आहोत. संकट मोठे आहे, म्हणून तात्पुरता उपाय असावा, अशी बहुतेकांची समजूत होती. तो उपाय पुढे कधीही मागे घेतला गेला नाही.

भाकरीचा मार्ग मोकळा झाला आणि मताचा मार्ग त्याच आठवड्यात बंद झाला. बाजार खुला करताना राजकारणही खुले केले तर सत्ता जाईल, ही नेतृत्वाची भीती निराधार होती, असे म्हणता येणार नाही. तथापि शेतकऱ्याला मिळालेली सवलत ही वरून दिलेली सवलतच राहिली. तिचे रक्षण करील असा पक्ष, अशी शेतकरीसंघटना किंवा असे वृत्तपत्र उरले नाही. दोन वर्षे आधी हाच मार्ग सुचविणारे मेन्शेविक नव्या धोरणाच्या आरंभीच तुरुंगात गेले किंवा परदेशी पाठविले गेले.

या मौनाची पहिली किंमत त्याच वर्षी दिसली. अवर्षण पडले, आणि सक्तीच्या वसुलीने कोठारे आधीच रिकामी केलेली असल्याने व्होल्गाकाठी भयानक दुष्काळ आला. १९२१-२२ मध्ये सुमारे ५० लाख माणसे दगावली. मदतीसाठी पक्षाबाहेरच्या नामवंतांची एक समिती जुलैमध्ये नेमली गेली. परदेशी मदतीचा करार होताच, ऑगस्ट संपण्यापूर्वी, ती विसर्जित करून तिच्या अनेक सदस्यांना अटक झाली.

कात्री

नव्या आर्थिक धोरणाने देश सावरला, हे निर्विवाद आहे. मोठे उद्योग, बँका आणि परदेशी व्यापार राज्याच्या हाती राहिले. किरकोळ व्यापार व लहान उद्योग खासगी झाले. १९२४ पर्यंत चलन स्थिर झाले. १९२६-२७ च्या सुमारास शेती आणि उद्योग मोठ्या प्रमाणात युद्धपूर्व पातळीला येऊन पोहोचले. लेनिन यांनी जानेवारी १९२३ मध्ये सहकारावरील आपल्या शेवटच्या लेखनात शेतकऱ्याला सहकारी संस्थांच्या द्वारे, त्याच्या संमतीने, समाजवादाकडे आणण्याचा विचार मांडला, आणि त्यासाठी एक संपूर्ण ऐतिहासिक कालखंड लागेल, असे बजावले.

परंतु या धोरणातही एक ताण होता. १९२३ मध्ये सरकारी उद्योगसंघांनी आपल्या मालाचे भाव चढे ठेवले आणि धान्याचे भाव पडले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात शेतमालाच्या तुलनेत कारखानी माल १९१३ च्या सुमारे तिप्पट महाग झाला होता. आलेखावरील या दोन रेषांना त्रोत्स्की यांनी कात्रीची उपमा दिली. शेतकऱ्याने खरेदी थांबविली, गोदामांत माल पडून राहिला, कामगारांचे पगार थकले, संप झाले. त्या वेळी सरकारने औद्योगिक भाव उतरविले, आणि कात्री मिटू लागली. विनिमयाचे प्रमाण सुधारले की शेतकरी बाजारात येतो, हा अनुभव या राज्याच्या गाठी होता.

औद्योगिकीकरणाला भांडवल कोठून आणावयाचे, हा पुढचा वाद. प्रेओब्राझेन्स्की यांचे म्हणणे असे, की वसाहती नसलेल्या समाजवादी राज्याला आरंभीचे भांडवल शेतीक्षेत्रातूनच, भाव आणि कर यांच्या द्वारे, उचलावे लागेल. बुखारिन यांचे म्हणणे असे, की शेतकरी सधन झाला तरच उद्योगाला बाजारपेठ मिळेल. वेग कमी असला तरी चालेल, परंतु कामगार-शेतकरी ऐक्य तुटता कामा नये. दोन्ही बाजूंना वजन होते. विशेष हे, की शेतकऱ्यावर बळाचा वापर करावा, असे प्रेओब्राझेन्स्कीदेखील म्हणत नव्हते. हा वाद खुला राहिला असता, तर त्यातून मधला मार्ग निघण्याचा संभव होता. परंतु तोपर्यंत वादाचा निकाल युक्तिवादाने लागण्याचे दिवस संपले होते. १९२२ पासून सरचिटणीस असलेल्या स्टालिन यांच्या कचेरीतून पक्षाच्या नेमणुका होत, नेमलेले लोक प्रतिनिधी निवडत, आणि प्रतिनिधी बहुमत देत. डिसेंबर १९२७ मधील पंधराव्या काँग्रेसने विरोधी गटाच्या लोकांना पक्षातून काढले. त्या कामी बुखारिन यांनी आपले सारे वक्तृत्व खर्ची घातले होते.

१९२८ : जुना हुकूम परतला

त्याच हिवाळ्यात धान्यखरेदी कोसळली. सरकारने धान्याचे खरेदीभाव उतरविले होते, दुकानांत माल नव्हता आणि युद्धाच्या अफवा होत्या. साहजिकच शेतकऱ्याने धान्य ठेवून घेतले व इतर पिके आणि जनावरे विकली. १९२८ च्या जानेवारीपर्यंत झालेली खरेदी मागील वर्षाच्या मानाने सुमारे १३ कोटी पुडांनी, म्हणजे जवळजवळ २१ लाख टनांनी, कमी भरली. १९२३ चा अनुभव सांगत होता, की भाव सुधारा, माल पाठवा. स्टालिन स्वतः सैबेरियात गेले आणि साठेबाजीविरुद्धचे फौजदारी कलम १०७ शेतकऱ्यांवर लावण्याचे आदेश त्यांनी दिले. १९१९ चा कोटा नव्या नावाने परतला. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये, शेतकऱ्याकडून उद्योगासाठी एक प्रकारची खंडणी घ्यावी लागेल, असे ते मध्यवर्ती समितीत उघड बोलले.

बुखारिन यांनी विरोध केला, पण कसा? १९१८ मध्ये ब्रेस्टच्या तहाच्या वेळी हेच बुखारिन लेनिन यांच्याविरुद्ध उघडपणे उभे होते. त्यांच्या गटाचे स्वतंत्र नियतकालिक निघत होते, आणि तरीही ते पक्षातच राहिले. १९२८ मध्ये त्यांना जुलैतल्या एका भेटीत, आदल्या वर्षीच आपण पाडलेल्या कामेनेव्ह यांच्याशी चोरून बोलावे लागले. सप्टेंबर अखेरीस ‘प्राव्दा’त लिहिलेल्या लेखात त्यांना स्टालिन यांचे नाव न घेता, दुसऱ्यांवर टीका करीत असल्याच्या मिषाने बोलावे लागले. दहा वर्षांत पक्ष किती आक्रसला होता, याचे याहून स्पष्ट माप सापडणार नाही. नोव्हेंबर १९२९ मध्ये त्यांना पॉलिटब्यूरोतून काढण्यात आले. १९२१ च्या ठरावाने आणि १९२७ च्या हकालपट्टीने जे हत्यार पाजळले होते, त्याच्यापुढे आता ते स्वतः उभे होते.

डिसेंबर १९२९ च्या अखेरीस कुलकांना वर्ग म्हणून नष्ट करण्याचे धोरण जाहीर झाले. १९३० च्या मार्चपर्यंत निम्म्याहून अधिक शेतकरी कुटुंबे कागदोपत्री सामुदायिक शेतीत दाखल झाली. अधिकाऱ्यांना यशाची झिंग चढली आहे, असा लेख स्टालिन यांनी २ मार्चला लिहिताच शेतकऱ्यांनी सामुदायिक शेती सोडण्यास आरंभ केला आणि उन्हाळ्यापर्यंत तो आकडा चतुर्थांशाच्या खाली आला. सक्ती लगेच पुन्हा सुरू झाली. जनावरे सामुदायिक गोठ्यात देण्यापेक्षा शेतकऱ्यांनी ती कापली. १९२९ ते १९३३ या काळात घोडे आणि गुरे यांची संख्या निम्म्यापर्यंत घसरली. १९३१ साली सुमारे ५० लाख टन धान्य निर्यात झाले. १९३२-३३ च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, उत्तर कॉकेशस आणि व्होल्गाकाठ या भागांत ५० ते ७० लाख माणसे मेली असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. १९२१ साली दुष्काळ आहे, हे राज्याने कबूल करून जगाकडे मदत मागितली होती. १९३३ साली दुष्काळ हा शब्दच वृत्तपत्रांत निषिद्ध होता.

पर्याय होता काय?

या सक्तीविना जलद उद्योगीकरण झाले नसते आणि मग हिटलरशी लढता आले नसते, असा युक्तिवाद केला जातो. बेकारी संपली, साक्षरता पसरली, पोलादाचे प्रचंड कारखाने उभे राहिले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु सक्तीने शेतीतून मोठे निव्वळ भांडवल मिळाले, हा त्या युक्तिवादाचा पायाच डळमळीत आहे. सोव्हिएत संशोधक बार्सोव्ह यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस प्रसिद्ध केलेल्या आकड्यांवरून या विषयावर नवी चर्चा सुरू झाली. मेलेल्या घोड्यांच्या जागी ट्रॅक्टर देण्यात उद्योगाची शक्ती खर्च झाली आणि पहिल्या योजनेचा भार कामगारांच्या घसरलेल्या वास्तव वेतनावरही पडला, असे त्या चर्चेतून पुढे आले. ज्या कामगारासाठी शेतकरी लुटला, त्या कामगाराच्याही ताटातली भाकरी लहान झाली.

महाराष्ट्राचा या इतिहासाशी संबंध जुना आहे. कॉ. डांगे यांची गांधी व लेनिन यांची तुलना करणारी पुस्तिका १९२१ साली मुंबईत निघाली. म्हणजे ज्या वर्षी क्रोनश्टाट पडले, त्याच वर्षी. क्रांतीच्या दशकपूर्तीच्या निमित्ताने १९२७ च्या नोव्हेंबरात मोतीलाल व जवाहरलाल नेहरू मॉस्कोत होते, आणि त्याच महिन्यात त्रोत्स्की पक्षाबाहेर काढले गेले. भारतातील एका पिढीने क्रांतीचा उजेड दुरून पाहिला. त्या उजेडामागे चाललेला वाद तिच्यापर्यंत फारसा पोहोचला नाही, कारण तो वाद करणाऱ्यांचेच तोंड बंद झाले होते. बुखारिन यांना १९३८ मध्ये गोळी घालण्यात आली, प्रेओब्राझेन्स्की यांना त्याआधी १९३७ मध्ये. परस्परांविरुद्ध लढलेल्या दोघांचा शेवट एकाच भिंतीशी झाला.

समाजवादी कार्यकर्त्याने या बारा वर्षांतून कोणता धडा घ्यावा? बाजार चांगला की नियोजन चांगले, एवढ्यावर हा धडा संपत नाही. १९२१ मध्ये बाजार आला आणि १९२८ मध्ये गेला. दोन्ही वेळा निर्णय वरून झाला आणि ज्याच्या खळ्याचा तो प्रश्न होता, त्याला कोणी विचारले नाही. योजना कोणतीही असो, तिचा भार ज्याच्यावर पडणार त्याला नाही म्हणण्याची संघटित शक्ती असली पाहिजे. आणि पक्ष कितीही संकटात असो, अल्पमताला उघड बोलून पक्षातच राहता आले पाहिजे. संकटकाळापुरते म्हणून घेतलेले निर्बंध संकटाबरोबर जात नाहीत. पुढचे संकट येईपर्यंत ते वाट पाहतात. एखाद्या बैठकीत ऐक्याच्या नावाखाली विरोधी मत नोंदवू नये, असा आग्रह धरला जाईल, तेव्हा मार्च १९२१ मधील त्या ठरावाची आठवण ठेवावी. त्याला हात वर करणाऱ्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ होती, आणि त्यांतील अनेकांवर तोच ठराव पुढे चालविला गेला.